गाठ माझी, अक्षर तुझं

४ मार्च

प्रिय आत्या,

फोनवर मी घसा फोडून ओरडते आणि तू काहीही न ऐकता "हो, हो, बरं" म्हणतेस, म्हणून हे पत्र. वाच, पण लाल पेन्सिल बाजूला ठेवून वाच. मागच्या वेळी माझंच पत्र चुका दाखवून मला परत पाठवलं होतंस. छापखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी मुद्रितं तपासायची तुझी खोड जात नाही.

बातमी अशी की संग्रहालयात माझी बदली पक्षी विभागात झाली. म्हणजे आजोबा ज्या मागच्या खोलीत बसून मेलेल्या पक्ष्यांत भुसा भरून ते टिकवायचे, तिथे आता माझं टेबल आहे. खिडकी तीच, फरशीचा तुटका कोपराही तोच. बाबा सांगायचे ना, तिथे अडखळून आजोबांनी एकदा अख्खा बगळा तोंडावर पाडून घेतला होता. मीही पहिल्याच दिवशी अडखळले. घराण्याची परंपरा राखली.

काम मोठं आहे. आपल्या भागातल्या शिकारी पक्ष्यांची यादी करायची: कोण बक्कळ आहे, कोण घटतोय, कोणाला जपायला हवं. त्यासाठी ससाण्यांचं जुनं कपाट उघडलं आणि बघतच राहिले. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तुझं अक्षर. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं, गोलमटोल, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. आजोबांना लिहिता येत नव्हतं हे ठाऊक होतं, पण तू एवढं लिहिलं असशील असं वाटलं नव्हतं.

आता मुद्दा. माझा सगळा जीव अडकलाय तो शिक्रा आणि बेसरा या दोन ससाण्यांत. सख्खे चुलत भाऊच म्हण. दोघेही कबुतराएवढे, दोघांच्या छातीवर तांबूस पट्टे. शिक्रा कुठेही राहतो, शहरात, बागेत, तारेवर, आमच्या गच्चीवर. बेसरा लाजाळू, दाट रानातच राहणार. जगाच्या यादीत दोघेही एकाच रकान्यात आहेत, फार काळजी करू नये अशांच्या. पण बेसऱ्याची संख्या उतरती आहे असंही तिथेच लिहिलंय. आमच्या भागात तर गेली कित्येक वर्षं कुणाला दिसलेला नाही. पाणीसाठ्यामागच्या रानात तो एके काळी होता, असं आजोबांच्या कपाटातल्या अकरा बेसऱ्यांवरून दिसतं. ते खरं ठरलं तर बेसरा 'घटलेला' म्हणून यादीत जाईल आणि ते रान राखलं जाईल. नाही ठरलं तर निम्मं रान तोडून तिथे पाण्याच्या नव्या टाक्या होणार आहेत. समितीची बैठक वीस एप्रिलला आहे.

अडचण ही की मी अकराही पक्ष्यांची मापं घेतली आणि त्यांतले चार बेसरा नाहीतच. शिक्रे आहेत, कोवळे. कोवळ्या शिक्र्याच्याही गळ्यावर बेसऱ्यासारखी ठळक रेघ असते, खरी खूण पायाची. बेसऱ्याच्या पायाचं मधलं बोट लांब आणि बारीक असतं, शिक्र्याचं आखूड, जाडसर. मापाचा कॅलिपर लावून तीनतीनदा पाहिलं. ज्यांच्या फोटोखाली व्हरांड्यात 'यांची नजर कधी चुकली नाही' असं लिहिलंय, त्यांची नजर चार वेळा चुकली कशी? दोऱ्यांच्या गाठीसुद्धा कुठे एक, कुठे दोन, काही मेळ नाही. तुला काही आठवतंय का? तू तिथेच असायचीस.

तुझी
टिल्लू

११ मार्च

चि. टिल्लूस आत्याचे आशीर्वाद.

लाल पेन्सिल खाली ठेवली आहे, पण हात शिवशिवतोय एवढं सांगते.

तुझं पत्र वाचून त्या खोलीचा वासच नाकात शिरला. डांबरगोळ्या, लाकडाचा भुसा, ओला कापूस आणि अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, सदऱ्याला येणारा साबणाचा वास. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे जायची. आई गेल्यापासून घरी कुणी नसायचं. तुझा बाप वसतिगृहात होता, तो सुट्टीतच यायचा. मी उंच स्टुलावर बसायची आणि अण्णा पक्ष्याच्या पोटात भुसा भरता भरता त्याची सगळी हकिगत सांगायचे. बेसऱ्याबद्दल म्हणायचे, "हा घरकोंबडा आहे. रानाबाहेर पाऊल टाकणार नाही. रान गेलं की गेला." आणि शिक्र्याबद्दल, "हा गुंड. याला कुठेही टाका, पोट भरेल." एकदा शिक्र्याने संग्रहालयाच्या साहेबांच्या खिडकीतून त्यांचा पाळलेला पोपट उचलला होता. साहेब चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत आणि अण्णा तोंड लपवून हसत होते.

पक्षी आणून द्यायचे ते पाणीसाठ्याचे पहारेकरीकाका. पंपघराला मोठमोठ्या काचा होत्या, त्यांवर आपटून मरायचे बिचारे. काका पिशवीतून घेऊन यायचे, कुठे आणि कधी मिळाला ते सांगायचे आणि मी ते लिहून घ्यायची. अण्णा म्हणायचे, "गाठ माझी, अक्षर तुझं." मला त्याचा केवढा अभिमान. वर्गातल्या मुली बाहुलीची लग्नं लावत होत्या आणि मी संग्रहालयाच्या चिठ्ठ्या लिहीत होते.

तू म्हणतेस त्या चार चुकांचं मला काही आठवत नाही. मी नुसती लिहिणारी. पन्नासएक वर्षांत पाय वाळून आखूड होत असतील, किंवा तुझ्या त्या कॅलिपरातच खोट असेल. जुन्या माणसांच्या कामात फार उकरू नये. त्या चौघांना राहू दे बाजूला आणि उरलेल्या सातांवर यादी कर, म्हणजे झालं.

स्वेटर घालत जा. पत्रात तीन चुका आहेत. दाखवत नाही.

तुझी
आत्या

१९ मार्च

प्रिय आत्या,

पोपटाची गोष्ट मी सगळ्या विभागाला वाचून दाखवली. आमच्या मुख्य बाईसुद्धा हसल्या, आणि त्या वर्षातून दोनदाच हसतात.

पण तू म्हणतेस तसं चौघांना बाजूला ठेवून भागत नाही. बाईंचं म्हणणं असं: उरलेले सात पक्षी बेसरेच आहेत, ते पाय बघूनच कळतं. प्रश्न तो नाही. प्रश्न ते कुठून आले हा आहे, आणि ते फक्त चिठ्ठी सांगते. चार चिठ्ठ्या चुकीच्या पक्ष्यांच्या पायांत असतील तर भरताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. मग 'पाणीसाठ्यामागचं रान' ही अक्षरं ज्या पायाला आहेत, तो पक्षी तिथलाच कशावरून? शंभर कोसांवरून कुणी आणून दिलेल्या पक्ष्याच्या पायात इथली चिठ्ठी गेली असेल. बाई वाईट नाहीत, आत्या. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

गेल्या पंधरवड्यात मी तीनदा त्या रानात जाऊन आले. पंपघर अजून आहे, काचांऐवजी पत्रे आहेत. पहाटेपासून बसले, बेसरा काही दिसला नाही. परतीच्या वाटेवर फाटकाच्या खांबावर शिक्रा मात्र हजर, चोचीत सरडा घेऊन. माझ्याकडे असं बघत होता की 'काय बाई, माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि त्याच्यासाठी एवढी पायपीट.'

मी मसुदा केलाय. त्यात लिहावं लागलं की आजोबांच्या शेवटच्या तीन वर्षांतल्या नोंदी 'विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत, वगळाव्यात'. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, पण लहानपणी त्या फोटोसमोर उभी राहून सगळ्या मैत्रिणींना सांगायची, हे माझे आजोबा. वय झालं होतं, हात थरथरत असतील, कामात गोंधळ होत असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी
टिल्लू

२ एप्रिल

प्रिय आत्या,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. तू दुसऱ्या दिवशी उत्तर टाकणारी. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या तब्येत ठीक आहे, पण जिन्यात बसून असतेस आणि वर्तमानपत्र न वाचताच रद्दीत टाकतेस. तू वर्तमानपत्रातल्या चुका काढल्या नाहीस म्हणजे काहीतरी बिनसलंय.

मी काही चुकीचं लिहिलं का?

टिल्लू

५ एप्रिल

टिल्लू,

तू काही चुकीचं लिहिलं नाहीस. चुकीचं मी लिहिलं होतं, बावन्न वर्षांपूर्वी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बापालाही नाही. अण्णांनी मला शपथ घातली होती, आणि ते गेल्यावर शपथ मोडायचं काही कारण पडलं नाही. आता तू त्यांच्या नावापुढे 'विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत' असं लिहायला निघालीस, तेव्हा गप्प बसणं म्हणजे त्यांचा दुसऱ्यांदा घात करणं. पहिला मी केलाच आहे.

शेवटची तीन वर्षं अण्णांना जवळजवळ दिसत नव्हतं. आधी एक डोळा धुरकटला, मग दुसरा. संग्रहालयात कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून त्यांनी खोली पाठ केली होती. सुरी कुठे, सुई कुठे, दोऱ्याची रिळं कुठे. तो बगळा फरशीला अडखळून पडला असं तुझ्या बापाला सांगितलं ते मीच. खरं तर त्यांना तो कोपरा दिसलाच नव्हता.

मी त्यांचे डोळे होते. पिसांचे रंग मी सांगायची, छातीवरचे पट्टे मी मोजायची. पण नाव मात्र ते स्वतः ठरवायचे. पक्षी हातात घेऊन बोटं फिरवायचे आणि सांगायचे. मी लिहायची. मग "वाच बघू" म्हणायचे आणि मी वाचून दाखवायची.

एकदा साहेब आले आणि अण्णांनी भरलेल्या कुठल्याशा पक्ष्याकडे बघून म्हणाले, "याचं नाव बरोबर आहे ना?" नाव बरोबरच होतं. पण साहेबांनी अण्णांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बसू लागले. अण्णांची एकही चूक बाहेर जाऊ द्यायची नाही, असं ठरवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांनी एक ससाणा आणला. गळ्यावर मधोमध चांगली ठसठशीत काळी रेघ. अण्णांनीच शिकवलं होतं, शिक्र्याच्या गळ्याची रेघ पुसट असते, ठळक असेल तर बेसरा. अण्णांनी गळ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. पाय चाचपला आणि म्हणाले, "शिक्रा." मला वाटलं, झालं, रेघ दिसली नाही त्यांना. 'अण्णा, तुम्हाला दिसत नाही' हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी सरळ 'बेसरा' लिहिलं. त्यांनी "वाच बघू" म्हटलं. मी "शिक्रा" असं वाचलं.

असं चुकीचं नाव चार वेळा लिहिलं. चारही वेळा मला वाटलं, मी त्यांची अब्रू वाचवली.

पुढे छापखान्यात नोकरी लागली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि चांगल्या काढल्या. कुणी कौतुक केलं की मनात म्हणायची, ही विद्या मी बापासाठी शिकले. आणि तुझ्या पहिल्या पत्रात वाचलं की कोवळ्या शिक्र्याच्याही गळ्याला ठळक रेघ असते, आणि खरी खूण पायाचं बोट. ते बोट चाचपत होते, टिल्लू. आंधळा माणूस बरोबर होता आणि डोळस मुलगी चुकली. तरी मी तुला लिहिलं की कॅलिपरात खोट असेल.

चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली नाही. नावं मी बदलली. ठिकाणं आणि तारखा काकांनी सांगितल्या तशाच आहेत. हे तुझ्या बाईंना सांग. माझ्या नावानिशी सांग.

आत्या

ता. क. पहिल्या वेळेनंतर त्यांनी मला पुन्हा कधी "वाच बघू" म्हटलं नाही. मला वाटलं, पोरीवर विश्वास बसला.

१० एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी मी तुझं स्टूल शोधलं. अडगळीत आहे, एक पाय ढिला झालाय. टेबलाशी आणून ठेवलंय.

पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "माझा यावर विश्वास आहे, पण समितीचा बसणार नाही. भाचीच्या यादीसाठी आत्याची साक्ष, असं म्हणतील." त्यांचंही खरं आहे. मी हात टेकले होते.

संध्याकाळी तुझं आधीचं पत्र परत काढलं. "गाठ माझी, अक्षर तुझं." म्हणजे गाठी तू मारल्या नाहीस, त्यांनी मारल्या. आणि मी तुला लिहिलं होतं की गाठींना काही मेळ नाही. मी ड्रॉवर टेबलावर घेतला, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी एकेक दोरा चाचपत गेले. ज्याला एक गाठ तो डावीकडे, ज्याला दोन तो उजवीकडे. मग डोळे उघडून कॅलिपर लावला.

शिक्र्याला एक गाठ, बेसऱ्याला दोन. ज्यांच्या चिठ्ठीवर तू बरोबर 'शिक्रा' लिहिलंस त्या नवांनाही एक. तू चुकवलेल्यांतल्या तिघांना एक. सातही बेसऱ्यांना दोन. आणि या सातांतले पाच पाणीसाठ्यामागच्या रानातले. एकही चूक नाही, आत्या. म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली नाही, प्रत्येक दोरा मूळच्या पायालाच आहे, कारण गाठ आणि पाय एकच गोष्ट सांगतायत. बाईंनी स्वतः डोळे मिटून तपासलं. आणि यंदा तिसऱ्यांदा हसल्या.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. तुझी पहिली चूक, तो पहिला ससाणा. त्याच्या चिठ्ठीला दोन गाठी आहेत. त्याच्या आधीच्या सगळ्याच पक्ष्यांना, चिमणीपासून घुबडापर्यंत, दोन गाठी आहेत. म्हणजे तोवर ती त्यांची नेहमीची पद्धत होती, तिला काही अर्थ नव्हता. एक आणि दोन हा भेद सुरू होतो त्यानंतर आठ दिवसांनी, आणि वर सांगितलेले बाकीचे सगळे ससाणे त्यानंतरचेच आहेत. आणि त्या पहिल्या ससाण्याच्या पायाला चिठ्ठीच्या दोऱ्याशेजारी आणखी एक दोरा आहे. त्याला चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता दोरा आणि एक गाठ.

हा जादा दोरा कशासाठी असेल? तुला काही सुचतंय का?

तुझी
टिल्लू

१५ एप्रिल

टिल्लू,

सुचलं. पत्र हातात घेऊन जिन्यातच खाली बसले. शेजारच्या काकू पाणी घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, काही नाही, माझ्या वडिलांचं पत्र आलंय. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

त्यांना कळलं होतं गं. आठ दिवसांत कळलं होतं. कुणी वाचून दाखवलं देव जाणे, बहुतेक पहारेकरीकाकांनी. ते आपण आणलेले पक्षी बघायला यायचे आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. काकांनी "बेसरा" वाचलं असेल आणि अण्णा काही बोलले नसतील. मी घरी गेल्यावर ड्रॉवर उघडून तो पक्षी चाचपून काढला असेल आणि त्याच्या पायाला आपला दोरा बांधला असेल. माझी चिठ्ठी तशीच ठेवून.

मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या कुणाला सांगून चिठ्ठी बदलून घेतली असती, तर चार अक्षरांचं काम होतं. मी चाळीस वर्षं तेच केलं. चूक दिसली की खोड, वर बरोबर शब्द लिही, समासात खूण कर. लिहिणाऱ्याला काय वाटेल हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. अण्णांनी माझं अक्षर खोडलं नाही. शेजारी आपली गाठ मारली आणि गप्प बसले.

आणि "वाच बघू" म्हणणं त्यांनी सोडलं ते विश्वास बसला म्हणून नव्हे. मला परत त्यांच्या तोंडावर खोटं वाचावं लागू नये म्हणून.

एक दिवस आठवतो. मी स्टुलावर पाय हलवत बसले होते आणि ते दोऱ्याला गाठ मारत होते. मी विचारलं, "अण्णा, एकच गाठ? सुटेल ना." ते म्हणाले, "नाही सुटत. गाठ माझी, अक्षर तुझं. दोन्ही राहू दे." मी हसले. मला वाटलं लाडाने म्हणतायत. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

ते गेले त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून मनात म्हटलं होतं, अण्णा, मी तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळलं. आज कळलं, कोण कुणाला सांभाळत होतं.

आत्या

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

बैठक झाली. तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं, तू म्हणालीस तसं. जादा दोऱ्याचंही सांगितलं. मग बाईंनी ड्रॉवर सगळ्यांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा आणि हात लावून बघा." पाच मोठी माणसं डोळे मिटून ससाण्यांचे पाय चाचपत होती. तू पाहायला हवं होतंस.

बेसरा 'घटलेला, जपायला हवा' या रकान्यात गेला. आजोबांच्या नोंदी सगळ्या राहिल्या, एकही वगळली नाही. रान तोडायचं काम थांबलंय. टाक्या पलीकडच्या मोकळ्या माळावर बांधता येतील का ते बघणार आहेत. शिक्रा होता तिथेच, बक्कळांत. आज सकाळी खिडकीसमोरच्या तारेवर बसून माझा डबा न्याहाळत होता.

बेसरा अजून दिसलेला नाही. दिसेलच असंही नाही. पण दिसला तर त्याला राहायला जागा आहे.

आता दोन कामं तुझ्याकडे. व्हरांड्यातल्या फोटोखालची ओळ बदलायची का, असं बाई विचारतायत. आणि त्या चार पक्ष्यांच्या नव्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत. मी लिहू शकते, छापूनही मिळतील. पण त्या खोलीतल्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात आहेत. चार कोऱ्या चिठ्ठ्या सोबत पाठवतेय.

तुझी
टिल्लू

३ मे

चि. टिल्लू,

चिठ्ठ्या लिहून पाठवत आहे. पाच दिवस लागले. अक्षर आता पूर्वीसारखं गोल येत नाही, शिरोरेघ थोडी डळमळली आहे. पहिली चिठ्ठी लिहिली आणि सवयीने मोठ्याने वाचली. "शिक्रा." खोलीत कुणी नव्हतं, तरी बरं वाटलं. मग चारही वाचल्या.

फोटोखालची ओळ खोडू नका. खाली एवढंच वाढवा की शेवटची तीन वर्षं ते बोटांनी पाहत असत. त्यांना आता घरी बसवणारं कुणी नाही, तेव्हा शपथेतून मी मोकळी झाले असं समजते.

रानात परत जाशील तेव्हा मला घेऊन जा. गुडघे कुरकुरतात, पण पंपघरापर्यंत येईन. बेसरा दिसला नाही तरी चालेल. तुझ्या त्या गुंडाला मात्र एकदा नीट बघायचंय, गळा सोडून पाय.

तुझ्या शेवटच्या पत्रात दोन चुका होत्या. तशाच राहू दिल्या आहेत.

आणि माझ्या जुन्या चिठ्ठ्या काढू नकोस. चुकीच्या आहेत तशा असू देत. नव्या शेजारी बांध. चौघांनाही गाठ एकच मार. सुटत नाही.

तुझी
आत्या